पाळी

गावाचं नाव पाळी.
बाहेरच्या माणसाला दोनदा सांगावं लागतं,
तिसऱ्यांदा तो हसतो.

खाण बंद पडून किती वर्षं झाली
ते उगो पाण्याच्या पातळीवरून सांगतो.
इथंच खाली, शंभर हात खोल, तो शॉवेल चालवायचा;
आज त्याच जागेवर होडी वल्हवतो,
आणि मी दोरीला बाटली बांधून
त्याच्या जुन्या ड्युटीपर्यंत सोडते.

"कितें गो, मेळ्ळे तुजे किडे?"
किडे नव्हेत, मी म्हणते.
दरवेळी म्हणते.

पाणी असं निळं की येणारेजाणारे थांबून फोटो काढतात,
काठ असे तांबडे की आईनं माझ्यासाठी
पांढरा कपडा कधी विकतच घेतला नाही.
लोखंड काठावर, लोखंड तळाशी, लोखंड नखांत.
आणि एवढ्या लोखंडात
माझे जिवाणू लोखंडावाचून उपाशी.

मलाही पहिल्यांदा खोटंच वाटलं होतं.
पण गंज म्हणजे कुलूप:
हवेनं धरून ठेवलेलं लोह पाण्यात उतरत नाही,
समोर असतं, तोंडात येत नाही.

त्यांच्या आत एक राखणदार असतो.
भरल्या घरी तो लोहाचा कण कडेवर घेऊन
एका जनुकावर बसून राहतो, ढिम्म,
ते पान कोणाला उघडू देत नाही.
उपास पडला की कण कडेवरून उतरतो,
मग राखणदारही उठतो,
आणि ते पान, जे कधी पुसलेलं नव्हतं,
नुसतं मिटलेलं होतं,
वाचलं जाऊ लागतं.

पानात लिहिलेलं असतं ते एवढंच:
आपल्या तुटपुंज्या शिध्यातून
एक रेणू विण, गळाच्या आकड्यासारखा,
आणि दे सोडून बाहेर, पाण्यात,
लोखंड उचकटून परत येईल या हिशेबावर.

उगोला समजावलं, तर म्हणाला,
"वसुलदार म्हण की सरळ."
कर्जावर घेतलेला त्याचा टिपर न्यायला
फायनान्सवाले आले होते, ते याच काठावर उभे होते.
मी शब्द दुरुस्त केला नाही.

काही पेशी मात्र काहीच विणत नाहीत.
शेजारणीनं आणलेलं उचलतात.
त्याही जगतात, कधीकधी जास्तच.
हे मी गावात कोणाला सांगितलेलं नाही.

ताळगावच्या पठारावर, प्रयोगशाळेत,
निळ्या बशीत मी एक ठिपका टेकवते.
तिसऱ्या दिवशी त्याच्याभोवती नारिंगी वलय.
कोणीतरी रात्रभर हात लांब केलेले.
डॉ. फुर्तादो म्हणतात, तुलना करू नकोस, सुलक्षा.
जिवाणूला जिद्द नसते, धीर नसतो,
असतो एका प्रथिनाचा बदललेला आकार.
बरोबर आहे.
प्रबंधात मी तसंच लिहिलंय.

फक्त परवा घरी गेले
तर बाबा ओट्यावर पाग विणत बसलेले.
वजनकाट्यावर बावीस वर्षं
ट्रकांचे आकडे लिहिणारा माणूस.
कधी शिकलात? विचारलं.
"शिकलो नाही. हात गेले आपसूक,"
म्हणाले, आणि दोऱ्याचं टोक दातांत धरलं.
पहिल्या रात्री जाळ्यात काही आलं नाही.
एक चप्पल आली, डाव्या पायाची.
ती त्यांनी धुऊन उन्हात ठेवली आहे,
का, ते मी विचारलं नाही.

सकाळी होडीत उगो म्हणतो,
"आज दोरी सोडपाची पाळी कोणाची?"
माझीच, मी म्हणते.
बाटली जाते खाली.
वीस हात. चाळीस.
निळं संपतं तिथून पुढं
दोरी हातालाच कळत राहते.